घर वर न्यायचं कारण

बेलार्मिनोकाकांनी नाही म्हटलं नाही. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी फक्त विचारलं, "कशासाठी?"

एदुविनाला वाटलं होतं, काका विचारणार नाहीत. चिलोएच्या बेटांवर घर हलवणं काही जगावेगळं नव्हे. लाकडाचं घर, खाली ओंडके सरकवायचे, पुढे बैल जुंपायचे, मागून अख्ख्या गावाने रेटायचं. पैसे कोणी घेत नाही. दिवसभराचं जेवण आणि सफरचंदाची दारू पुरते. मात्र विनवणीला घरोघर स्वतः जावं लागतं, निरोप धाडून चालत नाही. आणि बैलच नसतील तर बाकीच्यांकडे जाऊन करायचं काय? म्हणून ती धुतलेला झगा घालून आधी इथेच आली होती.

"शाळेसाठी," ती म्हणाली.

"शाळा तर तुझ्या दारासमोर आहे. कुलूप लागलंय तिला."

ती नाही, टॅबवरची, असं म्हणून एदुविनाने सगळं सांगितलं. खाली किनाऱ्याला रेंज नाही, वर टेकडीच्या कुरणात आहे. तिची पोर मिलाराय रोज टॅब पोटाशी धरून वर जाते आणि गाईंमध्ये बसून शिकते. घरच वर गेलं तर पोर चुलीजवळ बसून शिकेल.

काका हसले नाहीत. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं. समुद्राने अंगण खाल्लं म्हणून त्यांनी घरं ओढली होती, भावाभावांचं बिनसलं म्हणून ओढली होती, एक तर सासूच्या नजरेआड न्यायचं म्हणून ओढलं होतं. रेंजसाठी अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"पण पोरीला मानवतंय का ते?"

नेमकं हेच कोणी विचारू नये असं तिला वाटत होतं. कास्त्रो शहरातल्या शाळेच्या वसतिगृहात मिलारायसाठी एक खाट राखून ठेवली होती. सोमवारच्या बोटीने निघायचं की नाही, ते कळवायचं होतं. सगळ्या बायका पाठव म्हणूनच सांगत होत्या. दहा वर्षांची पोर, दिवसभर काचेशी बोलते, घुमी होईल. तिकडे निदान भांडायला तरी कोणी असेल. एदुविनाचा नवरा दक्षिणेत मेंढ्या कातरायला गेलेला. पोरही गेली तर घरात राहणार ती आणि चूल. त्यामुळे ही शाळा पोरीला मानवतेय की आपल्याला, हे तिचं तिलाच उलगडत नव्हतं.

"ठाऊक नाही, काका," ती म्हणाली.

खोटं बोलली असती तर काका कदाचित बैलांकडे वळले असते. त्यांनी काठी घेतली. "चल, बघून येऊ."

वर पोचेपर्यंत पाऊस लागला. मिलाराय एका उपड्या खोक्यावर बसली होती. अंगावरचा लोकरीचा पोंचो तिने पुढे ओढून टॅबवर धरला होता आणि डोकं उघडं पडलं होतं.

"पोर भिजतेय, शाळा कोरडी आहे," काका पुटपुटले. एदुविना धावणार, तोच त्यांनी काठी आडवी धरली. दोघं कुंपणाशी तिच्या पाठीमागे उभी राहिली.

टॅबवरच्या बाईंचा आवाज मध्येच तुटला. मिलाराय उठली, गाईला वळसा घालून दोन पावलं बाजूला झाली, हात जरा उंच केला. आवाज परत आला. मिलाराय आहे का, बाई विचारत होत्या.

"आहे, बाई. गाय मध्ये आली होती."

पलीकडे हशा पिकला. वाकड्या शिंगाचीच का, एका मुलाने विचारलं. काचेवर चौकोनाचौकोनांत मुलं होती. एकाच्या मागे उघडं वाळवंट, एकीच्या मागे दवाखान्याची पांढरी भिंत आणि नाकाशी नळी. ती नळीवाली म्हणाली, गाय दाखव ना. मिलारायने टॅब गाईकडे फिरवला, गाईने तो हुंगला, आणि पुन्हा सगळे हसले.

"पुरे आता," मिलाराय म्हणाली. "इग्नासियोला कालचे अपूर्णांक अजून येत नाहीत. आणि तो सांगतो येतात म्हणून. खोटारडा आहे."

वाळवंटातला पोरगा खवळला. दोघांची चांगलीच जुंपली, बाईंनी दटावेपर्यंत. मग मिलारायने त्याला एका मोठ्या पावाचे तुकडे करून, ते शेजाऱ्यांत वाटून, एक कुत्र्याला ठेवून सगळं समजावलं. मध्ये दोनदा तिने केसांतलं पाणी बाहीने निपटलं, पण बोलायची थांबली नाही. घरी बटाटे सोलताना हिच्याकडून एक शब्द काढायचा तर मिनतवाऱ्या कराव्या लागत.

काका कुंपण ओलांडून पुढे गेले. उतार बघितला, टाचेने माती दाबून बघितली, पाणी कुठून वाहतं ते बघितलं. मग पोरीसमोर उभे राहिले.

"घर इथे वर आणलं, तर दार कुठल्या बाजूला हवं गं?"

मिलारायने आधी आईकडे पाहिलं. कास्त्रोची खाट तिलाही ठाऊक होती. आईने होकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

"एक मिनिट हं, बाई." काचेवरून नजर न काढता ती कुरणात फिरली, थांबली, अर्धं पाऊल मागे आली.

"दार कुठेही असू दे, आजोबा. टेबल इथे."

काकांनी तिच्या पायाशी काठी रोवली. या शनिवारी नाही, पुढच्या, असं त्यांनी एदुविनाला सांगितलं. आणि जेवण अंमळ जास्त कर, चढावर माणसं फार खातात.

एदुविनाने खाली बघितलं. किनाऱ्याशी तिच्या घराच्या धुराड्यातून सावकाश धूर निघत होता. घराला अजून काहीच पत्ता नव्हता.