रविवारचं बुकिंग

कुवेतमधली सगळी कमाई इनायतने दासगावच्या एका छोट्या बोटिंग कंपनीत गुंतवली होती. पाऊस लागला की बोटी बंद आणि मिळकतही बंद. त्या वर्षी मृगाची एक सर येऊन गेली आणि पावसाने दडी मारली. रविवारी मुंबईच्या एका सहलीने सगळ्या बोटी ठरवल्या होत्या. तो दिवस कोरडा गेला की वर्षाचा तोटा भरून निघणार होता.

इकडे राबातली, म्हणजे लावणीआधी पेरलेल्या वाफ्यातली, भाताची रोपं पिवळी पडू लागली, म्हणून शुक्रवारी गावाने मैदानात पावसासाठी नमाज पढायचं ठरवलं.

"जाताय ना?" महरुन्निसाने नवऱ्याला विचारलं.

"नाय गेलो तर गाव काय म्हणेल?"

मैदानात शेजारचा अब्बास त्याला खेटून उभा राहिला. "इनायतभाय, तुमच्या बोटी बंद पाडायला आलोय आम्ही," तो हसत म्हणाला, पण नजर आभाळाकडेच होती. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी खांद्यावरच्या चादरी उलट्या घेतल्या आणि हात उचलले. इनायतनेही उचलले. मनातल्या मनात तो म्हणाला, "या अल्लाह, पाऊस दे. पण सोमवारी."

रविवारी कडक ऊन पडलं. बोटी दिवसभर भरून फिरल्या. सोमवारी पहाटे धो धो पाऊस कोसळला आणि अब्बास भिजतच दारात आला.

 

"माझा राब माळावरचा, माझी रोपं कालच्या उन्हात गेली. बाकी गावाची वाचली," इनायतचे दोन्ही हात धरून तो म्हणाला. "तुम्ही स्वतःचं नुकसान बघितलं नाय, म्हणून तर दुआ कबूल झाली."