घोडीचा सोमवार

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर येसूबाई पर्यटकांना घोडीवरून फिरवायची. घोडी खंगू लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस हिला पूर्ण विश्रांती द्या." येसूबाईने सोमवार ठरवला. तरीही सोमवारी संध्याकाळी घोडी घामाने निथळायची. डॉक्टरांनी येऊन पाठीवरून हात फिरवला. "आज हिच्यावर कोण बसलं होतं?" "कुणी न्हाय. सकाळपासून खुंट्यालाच हाय." पुढच्या सोमवारी येसूबाई तबेल्यातच बसून राहिली. दुपारी घोडीची पाठ वाकली. येसूबाईने पाठीवर हात ठेवला, तर हाताला लहान मुलाचा गार, ओला गुडघा लागला. दिसत कुणीच नव्हतं. ती घाबरली, पण घोडीचे लटपटते पाय तिला बघवेनात. "उतर बाळा," ती हळूच म्हणाली. "दमलीय ती. बसायचंच असंल तर माझ्या खांद्यावर बस." घोडी ताठ उभी राहिली. येसूबाईचा पदर मात्र तेव्हापासून उन्हातही वाळत नाही.