मनगटाच्या पट्ट्या

जागतिक कसोटी अजिंक्यपदासाठी तीन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी मैदानात होती. रेवती घोरपडेच्या मनगटांवर संगणकावर चालणाऱ्या पट्ट्या होत्या. बॅट कशी फिरवायची ते आता त्याच ठरवत. मागच्या चेंडूला त्यांनी फटका चार हातांवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्धी क्षेत्ररक्षक इमेशाकडे वळवला आणि चेंडू तिच्या हेल्मेटला घासून गेला.

"सर, पट्ट्या मुद्दाम तिला मारतायत," ती कानातल्या यंत्रात कुजबुजली.

"बाकी सगळ्या वाटा बंद आहेत. तिला लागून उडालेला चेंडूच सीमापार जाईल," प्रशिक्षक निमकर म्हणाले. "तू हात सैल सोड."

"तिचा गळा उघडा आहे, सर!"

गोलंदाज धावत सुटली. रेवतीची बोटं आपोआप आवळली, बॅट इमेशाच्या रोखाने तिरकी झाली. "खाली वाक!" ती किंचाळली, पण प्रेक्षकांच्या गलक्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग तिने सगळा जीव एकवटून बॅटसकट स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. मागे यष्ट्या उडाल्या.

जिंकलेली इमेशा हसत तिला उठवायला आली.

"जवळ येऊ नकोस!" रेवती ओरडली. पोटाखाली दाबलेली बॅट अजून फिरायला बघत होती.