तळघरात मला कोणी नेलं?

युद्धाच्या काळात आमच्या गल्लीवर दोन बॉम्ब पडले होते, असं मोठी ताई शपथेवर सांगते. छोटी ताई म्हणते, "बॉम्ब कसले, डोंबल! नुसता भोंगा वाजला होता." साठ वर्षं झाली, हा वाद काही मिटत नाही.

त्याहून मोठा वाद माझ्यावरून आहे. मी तेव्हा सहा महिन्यांचा होतो, त्या दोघी आठ-दहा वर्षांच्या, आणि आई कारखान्यात कामाला गेलेली. "याला पोटाशी धरून मीच तळघरात नेलं," असं दोघीही म्हणतात. म्हणून आजही मोठी माझ्यासाठी स्वेटर विणते, छोटी माझी औषधं स्वतः आणून देते, आणि दोघी एकमेकींना ऐकवतात, "जीव वाचवलाय मी त्याचा!"

काल पुन्हा जुंपली. शेवटी मोठीने मलाच विचारलं, "तू सांग रे, आई कधी काही बोलली होती का?"

"छे गं," मी म्हणालो.

खरं तर आई बोलली होती. "मी धावत घरी आले, तर या दोघी तळघरात एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या, आणि तू वर पाळण्यात एकटाच ढाराढूर झोपलेला! पण त्यांना सांगू नकोस हं. लाड बंद होतील तुझे."