आईचं शून्य

"शून्य," आई म्हणाली. तिने बेसिनमध्ये थुंकून चूळ भरली. "अजिबात कडू नाही."

मुलीने स्टॉपवॉच बंद केलं. आज आईच्या जिभेवर तिने निव्वळ औषध ठेवलं होतं. त्यावर लेप नव्हता, गोडी नव्हती, काही नव्हतं. वर्गात ज्याला सगळे पैलवान म्हणतात, त्याने सकाळी तेच चिमूटभर चाखलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

एम.फार्म.चं शेवटचं सत्र चालू होतं. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कडूपणा झाकणारा लेप तयार करायचा, एवढाच तिचा प्रबंध. म्हणायला एवढाच; त्याने तिची झोप उडवली होती. नवा नमुना तयार झाला की ती आधी तो घरी आईला द्यायची. तीस सेकंद जिभेवर धरायचा, थुंकायचा आणि गुण सांगायचे. शून्य म्हणजे कडू नाही, तीन म्हणजे कडूजहर. आई दर वेळी शून्य द्यायची. मुलगी हुरळून तोच नमुना कॉलेजात न्यायची आणि तिथे चाखणारे सहाही जण नळाकडे धाव घ्यायचे. चार महिन्यांत अकरा नमुने असे वाया गेले. आता नऊ दिवस उरले होते. प्रबंध गेला नाही तर वर्ष बुडणार होतं.

"घरच्या परीक्षकाला एकदा न सांगता नुसतं औषध दे," काल मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या. "काय ते कळेल."

कळलं. लेकीचं मन मोडवत नव्हतं म्हणून ही बाई चार महिने तोंडात कडू धरून गोड बोलत होती! अशा आया परीक्षक झाल्या तर जगात कुणी नापास व्हायचं नाही. मुलीला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"लाड करायला नव्हतं सांगितलं मी!" ती ओरडली. "कडू लागलं तर कडू म्हणायचं, एवढंच काम होतं तुझं. खोटं बोलून माझं वर्ष घालवलंस, आई."

आई वाहत्या नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. नळ बंद करायचंही तिला सुचेना.

"खोटं नाही गं बोलले," ती हळूच म्हणाली. "मला कशाचीच चव लागत नाही. मिरची चावली तरी कळत नाही. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितलाय कधीचा. म्हटलं, आधी तुझा प्रबंध होऊ दे."