बाण फिरला

"नसीमा, फिरला गं!" चारुता खुर्चीतून उठून ओरडली.

स्क्रीनवरचा तांबडा बाण खरंच गोल फिरत होता. चार आठवडे तो नुसता वर-खाली हलत होता. कॉलेजचा छोटा उपग्रह आकाशात गिरक्या घेत जाणार, म्हणून त्याच्या अँटेनातून निघणारी लहरही गोल फिरत यायला हवी होती. नाहीतर जमिनीवर संदेश तुटक पोचला असता. स्क्रीनवरचा बाण तीच लहर दाखवत होता. डिझाइन आज संध्याकाळी द्यायचं होतं. डबाही न उघडता बसलेल्या नसीमाने शेवटचा प्रयत्न म्हणून अँटेनाच्या चौकोनी पत्र्याचे समोरासमोरचे दोन कोपरे सॉफ्टवेअरमध्ये कापले होते.

"म्हणजे लहर अशी जाणार!" चारुताने हात पसरून गिरकी घेतली. नसीमाने तिचे हात धरले आणि दोघी लॅबभर फुगडी घालू लागल्या. एक स्टूल आडवं झालं.

दारात उकिडवे मॅडम उभ्या होत्या. अख्खं कॉलेज त्यांना घाबरायचं. दोघी जागच्या जागी थिजल्या. मॅडमनी चष्मा सावरून बाण पाहिला.

"हा उजवीकडे फिरतोय. आपल्या जमिनीवरच्या अँटेनाला डावीकडे फिरणारी लहर लागते."

नसीमाचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं पहिल्यापासून?"

"छे गं! हे कोपरे भर आणि दुसरे दोन काप."

नसीमाने तसं केलं. पाच मिनिटांनी बाण उलटा फिरू लागला. मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले.

"चला आता, डावीकडून!"