पुढच्या वेळेची सोय

मतदारानं मत मोठ्यानं सांगायचं आणि ज्याला ते मिळालं त्या उमेदवारानं उठून आभार मानायचे, अशी त्या काळी केंटकीतली रीत. वकील एझ्रा पामर सकाळपासून गाल दुखेपर्यंत हसून आभार मानत होता. विधिमंडळाच्या जागेसाठी त्याच्यासमोर उभा होता सरकारी वकील टॅलबट. दोघांची मतं बरोबरीत आली आणि मतदार उरला एकच, जेबेडी.

पामरचा जीव भांड्यात पडला. घोडेचोरीच्या खटल्यात याच जेबेडीला टॅलबट फासावर चढवायला निघाला होता, आणि पामरनं ज्यूरीला रडवून त्याला सोडवलं होतं.

"माझं मत टॅलबटसाहेबांना," जेबेडी म्हणाला.

पामरला राहवेना. "अरे, तुझी मान वाचवली कुणी?"

"तुम्हीच की, वकीलसाहेब. म्हणून तर. तुम्ही राजधानीला गेलात, तर पुढच्या वेळी मला वाचवणार कोण? त्यापेक्षा फास मागणारे जाऊ देत तिकडं."

टॅलबटनं रीतीप्रमाणे उठून आभार मानले. जेबेडी टोपी घालून निघून गेला.

टॅलबटचं विजयाचं भाषण संपल्यावर पामर बाहेर आला. खुंटाला दोर होता, त्याचा घोडा नव्हता. त्या खटल्यातला पुरावा तसा भक्कमच होता, हे त्याला पहिल्यांदाच पटलं.